उत्तरायुष्याची तरतूद : प्रस्तावना

1851 सालच्या जानेवारीत ब्रह्मावर्त येथे दुसरे बाजीराव पेशवे निवर्तले, आणि 1818 साली राज्यावरील हक्क सोडताना कंपनी सरकारने त्यांना तोडून दिलेली सालिना आठ लक्ष रुपयांची नेमणूक त्यांच्याबरोबरच संपुष्टात आली. दत्तक पुत्र नानासाहेब यांनी ती पुढे चालू राहावी म्हणून अर्जामागून अर्ज केले, अजीमुल्लाखानास वकील म्हणून विलायतेस धाडले. परंतु नेमणूक ही एका व्यक्तीच्या हयातीपुरती होती, तिच्या वंशासाठी नव्हती, या मुद्द्यावर डलहौसीने दावा नामंजूर केला आणि लंडनच्या संचालकांनी तो निर्णय कायम केला. इतिहासकार या प्रकरणाकडे 1857 च्या उठावाचे एक कारण म्हणून पाहतात, आणि ते यथार्थच आहे. प्रस्तुत ग्रंथाच्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यात निराळाच बोध आहे. दर वर्षी नियमाने येणारे उत्पन्न कोणाच्या हयातीवर चालते, महागाईबरोबर ते वाढते की जागीच राहते, आणि त्याची हमी शेवटी कोणाच्या शब्दावर उभी आहे, हे तीन प्रश्न तेहतीस वर्षे ती नेमणूक घेणाऱ्या दरबारालाही जितके लागू होते, तितकेच आज एखाद्या सहकारी साखर कारखान्यातून, शाळेतून, बँकेतून अथवा संगणकाच्या कंपनीतून निवृत्त होणाऱ्या गृहस्थाला व गृहिणीला लागू आहेत.

वृद्धापकाळाच्या आर्थिक तरतुदीचे जे जे प्रकार माणसाने आजवर काढले, ते सर्व या तीन प्रश्नांना दिलेली वेगवेगळी उत्तरे होत. आणि या क्षेत्रात सुबुद्ध, मिताचारी, कर्जाला भिणाऱ्या माणसांच्या हातून ज्या चुका होतात, त्या बहुधा अज्ञानातून अथवा उधळेपणातून होत नसून, उत्तरे बदलली तरी वागणे जुनेच राहिल्यामुळे होतात, असे माझे मत पुष्कळ कुटुंबांचे जमाखर्च पाहिल्यानंतर झाले आहे. वडिलांच्या पिढीत जे शहाणपण होते तेच मुलाच्या पिढीत प्रमाद ठरावे, असा काळ आपल्या वाट्याला आला आहे. हा प्रमाद दोषारोप करण्याजोगा नाही. पण त्याचे फळ माणसाला अशा वयात भोगावे लागते की ज्या वयात नव्याने मिळवण्याची शक्ती उरलेली नसते, म्हणून तो समजून घेणे अगत्याचे आहे.

या विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. माणूस किती जगेल हे सांगता येत नाही, पण हजार माणसांपैकी किती जण किती जगतील याचा अदमास बांधता येतो, या तत्त्वाचा पद्धतशीर उपयोग धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेल्या एडमंड हॅले यांनी 1693 मध्ये केला; ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून त्यांनी आयुर्मानाचे कोष्टक सिद्ध केले आणि त्यावरून वर्षासनाची, म्हणजे आज आपण जिला ॲन्युइटी म्हणतो तिची, योग्य किंमत काढण्याची रीत दाखविली. वृद्धत्वाची तरतूद कायद्याने करण्याचा पहिला मोठा प्रयत्न 1889 साली बिस्मार्कच्या जर्मनीत झाला. त्यात वयाची अट 70 वर्षांची होती आणि 1916 मध्ये ती 65 वर आली. एवढे वय गाठणारे कामगार त्या काळी थोडे, आणि गाठल्यावर दीर्घकाळ जगणारे त्याहून थोडे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या योजनेचा भार राज्याला का पेलला हे कळते.

आपल्याकडे इंग्रजी अमलात पेन्शन ही सरकारच्या मर्जीची बाब समजली जाई. 1871 च्या पेन्शनविषयक कायद्याने सरकारी नेमणुकांसंबंधीचे दावे कलेक्टरच्या परवानगीवाचून दिवाणी न्यायालयांत चालविण्यास मनाई केली होती. तेथपासून सर्वोच्च न्यायालयाच्या 17 डिसेंबर 1982 च्या नकारा खटल्यातील निर्णयापर्यंतचा प्रवास एक शतकाहून मोठा आहे. निवृत्तिवेतन ही बक्षिसी अथवा कृपा नसून केलेल्या सेवेबद्दल मिळालेला हक्क आहे, असे त्या निर्णयाने निःसंदिग्धपणे सांगितले. 17 डिसेंबर हा दिवस पेन्शनर मंडळी आजही पाळतात. त्याच वर्षाच्या 18 जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला होता आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर होते, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. सरकारी सेवकाचा हक्क ज्या वर्षी न्यायालयाने उचलून धरला, त्याच वर्षी गिरणगावातला कामगार कामालाच मुकत होता. आणि 1952 च्या भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याने कापडधंद्याला अगदी प्रथमच्या सहा उद्योगांत घेतले असले तरी त्या कायद्याने दिलेला होता तो साठविलेला फंड, आयुष्यभर चालणारे वेतन नव्हे. 1971 च्या योजनेत कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला थोडे वेतन होते. खुद्द कामगाराला निवृत्तिवेतन मिळण्याची सोय 16 नोव्हेंबर 1995 पासून झाली. तोवर ज्यांच्या हाती फंडाची अथवा ग्रॅच्युइटीची एकरकमी थैली पडली, त्यांनी ती घेऊन कोकणातले घर शाकारले, मुलीचे लग्न केले, भावाचे देणे फेडले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. रकमेचे उत्पन्नात रूपांतर कसे करावे हे सांगणारी यंत्रणाच त्यांच्या भोवती नव्हती.

आजची सर्वांत मोठी घडामोड याच ठिकाणी आहे. जुन्या पेन्शनीत तीन ओझी सरकारच्या शिरावर होती: सेवक किती वर्षे जगेल याचे, भाव किती चढतील याचे, आणि बाजारात गुंतवलेला पैसा वाढेल की बुडेल याचे. पेन्शन हयातभर चाले, महागाईभत्त्याने वाढे, मागे राहिलेल्या पत्नीला कुटुंबवेतन मिळे. केंद्र सरकारच्या सेवेत 1 जानेवारी 2004 रोजी वा त्यानंतर दाखल झालेल्यांना, सैन्यदले वगळता, आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पासून दाखल झालेल्यांना ही व्यवस्था उरली नाही. तिच्या जागी नवी योजना आली; तिच्यात अंशदान निश्चित झाले आणि वेतन अनिश्चित झाले. 2009 च्या मे महिन्यात हीच नवी योजना सर्व नागरिकांस खुली झाली. मार्च 2023 मध्ये राज्यातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनीसाठी आठवडाभर संपावर गेले, आणि केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून हमीचा काही अंश परत आणणारी एकीकृत योजना सुरू केली, यावरून हा प्रश्न किती धगधगता आहे हे दिसते. त्या वादात कोणाची बाजू न्याय्य याविषयी माझे मत आहे, परंतु त्याची चर्चा या ग्रंथाच्या कक्षेत येत नाही. एवढे खरे की ती तीन ओझी एका पिढीच्या अवधीत राज्याच्या खांद्यावरून व्यक्तीच्या खांद्यावर सरकली, आणि पुष्कळांना ती सरकल्याचे जाणवलेलेसुद्धा नाही.

या विषयावर विचार करणाऱ्यांचे स्थूलमानाने चार संप्रदाय आहेत. पहिला हमीवाद्यांचा: वृद्धत्वाची जोखीम समाजाने अथवा मालकाने एकत्र वाहावी, एकट्यावर टाकू नये. दुसरा संचयवाद्यांचा: प्रत्येकाच्या नावे खाते असावे, त्यात त्याने व मालकाने भर घालावी, आणि ते खाते हीच त्याची तरतूद. तिसरा अर्थशास्त्रज्ञांचा, ज्याचा पाया मोदिग्लियानी व ब्रुमबर्ग यांनी 1954 मध्ये घातला. मनुष्य कमावत्या काळात राखून ठेवतो आणि न कमावत्या काळात खर्चतो, म्हणून उपभोग आयुष्यभर शक्य तितका समतल राहावा, अशी त्यांची मांडणी आहे, आणि तिच्याच अनुषंगाने 1965 मध्ये याआरी यांनी, वारसाला ठेवण्याची इच्छा नसेल तर सर्व संचय वर्षासनात घालणे तर्कशुद्ध ठरते, असे सिद्ध केले. तरीही प्रत्यक्षात फारच थोडी माणसे स्वेच्छेने वर्षासन विकत घेतात. हे असे का, याचा शोध घेणारा चौथा संप्रदाय मानवी स्वभावाचा अभ्यास करणाऱ्यांचा. माणूस उद्याचा त्याग आजच्या त्यागापेक्षा सहज कबूल करतो, हे ओळखून थेलर व बेनार्त्झी यांनी 2004 मध्ये जो उपाय प्रसिद्ध केला तो साधा होता: आज काही कापू नये, पुढच्या पगारवाढीतून काही भाग आपोआप वळता होईल अशी संमती मात्र आजच घ्यावी. मला या चौघांत अखेरचा संप्रदाय अधिक जवळचा वाटतो, कारण तो माणूस जसा आहे तसा धरून चालतो.

यांखेरीज एक व्यवहारी परंपरा आहे, आणि तिचा उल्लेख सावधगिरीच्या सूचनेसह करावा लागतो. विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागाराने 1994 मध्ये दाखवून दिले की संचयाचे पहिल्या वर्षी सुमारे 4 टक्के काढून पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत गेल्यास तीस वर्षे पैसा पुरतो. हा निष्कर्ष 1926 पासूनच्या अमेरिकन शेअर व रोख्यांच्या इतिहासावर उभा आहे. आपल्याकडील महागाई निराळी, व्याजमान निराळे, कुटुंबरचना तर सर्वस्वी निराळी. तरी हा आकडा पुण्या-मुंबईच्या बैठकींत आज वेदवाक्यासारखा उच्चारला जातो. परदेशी कोष्टक जसेच्या तसे उचलणे ही नव्या पिढीची खास चूक आहे, जुन्या पिढीच्या हातून ती झालेली नाही.

जुन्या पिढीकडून वारशाने आलेल्या चुका निराळ्या, आणि त्यांत मुदतठेवीवरील अढळ श्रद्धा अग्रभागी आहे. 1986 पासून 2000 च्या जानेवारीपर्यंत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर 12 टक्के व्याज होते. त्या काळी ज्याने सारे पैसे व्याजी ठेवले आणि मूळ रकमेला हात लावला नाही, त्याने काहीच वावगे केले नाही. त्याच निधीवर एप्रिल 2020 पासून 7.1 टक्के आहेत. महागाई 6 टक्के धरली तर आज 30,000 रुपयांत चालणारा संसार बारा वर्षांनी 60,000 रुपये मागतो, वीस वर्षांनी 96,000 च्या वर, आणि तिसाव्या वर्षी सुमारे 1,72,000. मुद्दल शाबूत आहे या समाधानात माणूस राहतो; पण शाबूत असतो तो केवळ आकडा, त्याची खरेदीची ताकद आतून वाळवी लागलेल्या तुळईसारखी पोकळ होत गेलेली असते.

आयुष्याची मुदत कमी धरणे ही याच चुकीची दुसरी बाजू. जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सत्तरीच्या आसपास आहे असे वाचून पुष्कळ जण निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षांची बेगमी पुरेशी मानतात. परंतु त्या सरासरीत बालमृत्यू व अकालमृत्यू मिसळलेले असतात. ज्याने साठी गाठली त्याला सरासरीने आणखी सुमारे 18 वर्षे असतात, आणि निम्म्याच्या आसपास माणसे त्याहून अधिक जगतात. पत्नी वयाने लहान असेल तर घराची मुदत पतीच्या वयावरून मोजून चालत नाही. महाराष्ट्र शासनाचे बहुतेक सेवक 58 व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांच्या कुटुंबाने तीस वर्षांचा हिशेब मांडणे हे अवाजवी मुळीच नव्हे.

फंड मध्येच मोडण्याची चूक मला सर्वांहून क्लेशकारक वाटते, कारण तिच्यात हेतू जवळजवळ नेहमीच चांगला असतो. नोकरी बदलताना हिशेब मिटवून रक्कम घरी आणली जाते, आणि तिच्याबरोबर 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेतील सेवेची वर्षेही मिटतात. या योजनेत वेतनाच्या हक्कासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. वेतनाचा हिशेब निवृत्तियोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले 70 असा आहे. 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर 35 वर्षांची अखंड सेवा केली तरी दरमहा 7,500 रुपये येतात, आणि किमान वेतन 2014 पासून 1,000 रुपयांचे आहे. हे आकडे पन्नाशीनंतर प्रथमच ऐकणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव पाहूनच हा ग्रंथ लिहिण्याचा निश्चय झाला.

विलंबाचा हिशेबही असाच निष्ठुर आहे. दरमहा 5,000 रुपये 8 टक्क्यांनी तीस वर्षे साठविल्यास सुमारे 74 लाख 50 हजार होतात; वीस वर्षे साठविल्यास सुमारे 29 लाख 45 हजार. दहा वर्षे उशीर केल्याने भरणा सहा लाखांनीच कमी होतो, पण हाती येणारी रक्कम पंचेचाळीस लाखांनी घटते.

घर आणि मुले यांविषयी लिहिताना लेखणी जड होते. आयुष्याची कमाई एका सदनिकेत गुंतवून, निवृत्तीनंतरही तिचे हप्ते फेडत, मालमत्तेचे धनी परंतु रोकडीचे दरिद्री असे जगणारे दांपत्य महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरात आहे. घर तारण ठेवून त्यावर मासिक उत्पन्न घेण्याची सोय 2007 पासून उपलब्ध असूनही वडिलोपार्जित भावनेमुळे तिचा लाभ फार थोडे घेतात. उलट, जिवंतपणीच बक्षीसपत्राने घर मुलांच्या नावे करून देण्याची घाई पुष्कळांना असते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातील कलम 23 त्यांना संरक्षण देते. मात्र सांभाळ करण्याची अट त्या दस्तात असावी हे लिहून देणाऱ्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. ज्या कुटुंबात प्रेम आहे तेथेही ही अट लिहिण्यात कमीपणा नाही, असे मी आग्रहाने म्हणेन.

काही चुकांचा निर्देश ओझरता केला तरी पुरे. मालकाने काढलेला आरोग्यविमा बहुधा नोकरीबरोबर संपतो, आणि नवा घ्यायला जावे तेव्हा मधुमेह व रक्तदाब आधीच घरात आलेले असतात. आयुर्विम्याला गुंतवणूक समजून आयुष्यभर हप्ते भरणाऱ्याला धड पुरेसे संरक्षणही मिळत नाही आणि धड वाढही मिळत नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी सारी ठेव एकाच संस्थेत ठेवणे घातक होय: अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलाई सेंट्रल बँक 1960 मध्ये बुडाल्यानंतर 1962 पासून ठेवींना विमा आला, फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारास पाच लाख रुपयांची आहे, आणि पतसंस्थांतील ठेवींना तो विमा मुळीच लागू नाही. नामनिर्देशन केले म्हणजे वारसाहक्क ठरला ही समजूतही तशीच भ्रामक आहे. शेअरांच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही, हे मुंबईतूनच वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. मृत्युपत्र लिहिणे अशुभ मानणाऱ्या घरांतील वाद कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे रेंगाळतात.

एक चूक मात्र सहसा कोणी सांगत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम मांडतो. भीतीपोटी काहीच न खर्चणे, औषध टाळणे, गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलणे, पाहावयाची राहिलेली काशी-रामेश्वरे पाहण्याचे सोडून देणे, आणि अखेर मोठी शिल्लक मागे ठेवून जाणे, हेही नियोजनातील अपयशच आहे. जमविलेले धन हे जमविणाऱ्याच्या उत्तरायुष्यासाठी होते. त्याचा निःशंक उपभोग घेता यावा याकरिताच हयातीभर चालणाऱ्या उत्पन्नाचा एक पक्का थर आधी घालावा, आणि उरलेल्या रकमेला वाढण्यास वाव द्यावा, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

या विचाराची निकड आजच का, याचे उत्तर आपल्या घरांतच आहे. एकत्र कुटुंब ही आपली खरी पेन्शन होती. आता एक मूल बंगळुरास, दुसरे न्यू जर्सीत, आणि आईवडील कोथरूडला अथवा नागपुरात. रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाया, शेतमजूर, दुकानातील नोकर आणि भ्रमणध्वनीवरून सांगितलेली कामे घरपोच करणारे तरुण यांना तर ना फंड, ना ग्रॅच्युइटी. 2015 च्या अटल पेन्शन योजनेतील दरमहा एक ते पाच हजारांची हमी एवढाच त्यांचा आधार, आणि ही हमी महागाईबरोबर वाढत नाही. मराठीत अर्थविषयक लेखन पुष्कळ होते, पण ते बहुधा सुशिक्षित पगारदाराला उद्देशून. असंघटित कामकऱ्यांसाठी या ग्रंथात जेवढे लिहिता आले तेवढे लिहिले आहे. ते अपुरे आहे.

हा ग्रंथ कोणती योजना घ्यावी हे सांगण्यासाठी नाही. बाजारातील प्रत्येक योजनेपुढे प्रारंभीचे तीन प्रश्न मांडून तिची परीक्षा वाचकाने स्वतः करावी, इतपत सामर्थ्य त्याला यावे, हा हेतू आहे. त्यासाठी गणित जितके आवश्यक तितकेच ठेवले आहे, आणि उदाहरणे पगारदार, दुकानदार, शेतकरी व विधवा अशा निरनिराळ्या स्थितींतील कुटुंबांची घेतली आहेत. शेअरबाजाराची शिफारस अथवा निंदा येथे आढळणार नाही. त्याचे प्रमाण वयाने नव्हे तर हमीच्या उत्पन्नाने ठरावे, हे मत मात्र आढळेल, आणि ते सर्वांना पटेल असे नाही.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. ग्रंथातील व्याजाचे दर, मर्यादा व कलमे छपाईच्या वेळची आहेत. ती सरकारी अधिसूचनेने केव्हाही बदलतात, म्हणून कोणताही दस्त करण्यापूर्वी अथवा रक्कम गुंतविण्यापूर्वी ती बँकेत, टपाल कचेरीत किंवा भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात जाऊन पडताळून घ्यावीत. दुसरी विनंती अशी की पतिपत्नींनी हे पुस्तक एकत्र बसून वाचावे, आणि शेवटी दिलेल्या कोऱ्या तक्त्यात खाती, रोखे, विमे व वारसनोंदी यांचा तपशील दोघांच्या समक्ष भरून त्याची एक प्रत पत्नीच्या स्वाधीन करावी.